बटणवाल्याचं घर

१

त्या गल्लीत पत्ता विचारायची एक रीत होती, आणि ती ठाऊक नसलेला माणूस हमखास भलत्याच दारात जाऊन उभा राहायचा. रीत अशी, की घराला नाव असायचं ते त्यात राहणाऱ्याचं नव्हे, त्याच्या आधी राहून गेलेल्याचं. सलूनवाला राहायचा पाववाल्याच्या घरात. कुलपं दुरुस्त करणारा राहायचा गाण्याच्या बाईंच्या घरात. दाताच्या डॉक्टरांच्या घरात एक चपला शिवणारा बसायचा, आणि एकदा गाल सुजलेला एक परगावचा गृहस्थ विचारत विचारत तिथे पोचला आणि थेट त्याच्यासमोर आ वासून बसला. चपलावाल्याच्या हातात पक्कड होतीच. त्यानं म्हणे आधी तोंडात नीट डोकावून पाहिलं आणि मग विचारलं, "ते ठीक आहे, पण चप्पल कुठाय?"

हा किस्सा बटणवाले दर रविवारी सांगायचे. तो सांगताना स्वतःचा गाल फुगवायचे आणि लोक हसले की आपणही आत्ताच ऐकतोय अशा थाटात हसायचे.

बटणवाले राहायचे चष्मेवाल्याच्या घरात. खाली बटणांचं दुकान, वर बिऱ्हाड. दुकानात बटणं, हुक, चेन, नाड्या, अस्तराचं कापड असलं बारीकसारीक सामान. एका बटणासाठी आलेलं गिऱ्हाईक एखादी गोष्ट ऐकल्याशिवाय आणि डझनभर बटणं घेतल्याशिवाय सुटत नसे. ती गल्ली जुनी, घरं एकमेकांना पाठ टेकून बसलेली, त्यामुळे हल्ली बाहेरची माणसं मुद्दाम बघायला यायची. रविवारी दुकान बंद असलं की बटणवाले त्यांना गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे. कुठल्या घरात आधी कोण होतं, त्याच्याही आधी कोण, कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, कुणाच्या खिडकीतून कुणाच्या स्वयंपाकाचा वास यायचा, हे सगळं त्यांच्या जिभेवर होतं. शाळा फारशी झाली नव्हती. गल्ली मात्र पाठ होती.

आणि वर दादा होता. त्यांचा थोरला भाऊ. झटक्यानं त्याची एक बाजू गेली तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खाटेवर होता. दोघांनीही लग्न केलं नव्हतं, संसार म्हणाल तर एकमेकांचाच केला होता. दादाला भरवणं, पुसणं, दाढी करणं, अंगाला चट्टे पडू नयेत म्हणून कूस बदलणं, सगळं बटणवाल्यांकडे. दादाच्या चांगल्या हाताशी एक काठी असायची. ती जमिनीवर आपटली की खाली दुकानात छत वाजायचं, आणि नुसत्या आवाजावरून बटणवाल्यांना कळायचं, की पाणी हवंय, कूस बदलायचीय, की नुसत्याच कुणाला तरी शिव्या द्यायच्यात.

"आलो रे बाबा, आलो," म्हणत ते जिना चढायचे.

"ये गधड्या. तोवर मी वर पोचलो असतो," दादा म्हणायचा आणि बोट आभाळाकडे करायचा.

२

भर दुपारची गोष्ट. दुकानात कुणी नव्हतं. बटणवाले काचेची बरणी पुसत होते. समोर सलूनवाला एकाची दाढी करत होता, त्याचं दार सताड उघडं. एक माणूस त्याच्या दाराशी थांबला. बटणवाल्यांना त्याची पाठ तेवढी दिसली. हातात एक गाठोडं, माणूस अंगानं बारीक.

"बटणवाल्याचं घर कुठलं हो?" त्यानं विचारलं.

बाहेरचा माणूस, चुकायचाच. बटणवाले मनातल्या मनात हसले आणि सलूनवाला त्याची कशी फिरकी घेतो ते ऐकायला कान टवकारून बसले. सलूनवाल्यानं मान वर केली नाही. वस्तरा धरलेलाच हात त्यानं समोर केला.

"ते काय, समोरचं."

बटणवाल्यांनी बरणी खाली ठेवली. उठून गल्ली ओलांडली आणि सलूनच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"काय हो, आजच पोचवलंत का आम्हाला?"

"का, काय झालं?"

"बटणवाल्याचं घर म्हणून माझ्या घराकडे हात केलात."

"छे. चष्मेवाल्याचं म्हणालो मी."

फेसाच्या आतून गिऱ्हाईक बोललं, "बटणवाल्याचंच म्हणालात."

"तुम्ही गप बसा, हनुवटी राहिलीय," सलूनवाला म्हणाला, आणि मग ओशाळून हसला. "जीभ घसरली असेल, शेठ."

"वस्तरा नाही ना घसरला, मग चालेल," बटणवाले म्हणाले. तिघंही हसले. "बरं, तो गेला कुठे?"

"तुमच्याकडेच गेला की."

दुकानात कोणी आलं नव्हतं. दुकानाच्या दाराला लागून जिन्याचं दार होतं, दिवसा ते नुसतं लोटलेलं असायचं. बटणवाले वर गेले. दादा एकटाच होता, डोळे मिटून पडलेला. खोली जशीच्या तशी. फक्त भिंतीशी असायची ती खुर्ची खाटेजवळ ओढलेली होती, बसल्यावर खाटेवरच्या माणसाशी बोलता यावं अशी.

खुर्ची आपणच ओढली असेल, सकाळी दाढी करताना. बटणवाल्यांनी ती परत भिंतीशी लावली.

३

एकानं म्हटलं की चूक, दोघांनी म्हटलं की थट्टा, आणि सगळेच म्हणायला लागले की तो बाजारभाव. धंद्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हे कळतं. म्हणून दूधवाली तिच्या भाचीला "बटणवाल्याच्या घरी अर्धा लिटर टाकून ये" असं म्हणाली तेव्हा बटणवाल्यांनी ठरवलं, की सलूनवाल्यानं सगळ्यांना शिकवून ठेवलंय. गंमत करतायत लेकाचे. करू देत. आपणही गल्लीभर लोकांच्या गमती केल्याच की.

पण थट्टा करणारा माणूस करून झाल्यावर तुमच्या तोंडाकडे बघतो. इथे कुणी बघत नव्हतं.

मग कुलूपवाल्याचं ऐकलं. तो गल्लीच्या नळापाशी कुणाशी तरी बोलत उभा होता, बटणवाले मागून चालले होते.

"बोलायचं काम नाही," कुलूपवाला सांगत होता, "बटणवाले फार बोलके होते. एक किस्सा सांगायला लागले की हातातला घास हातातच."

बटणवाले थांबले. कौतुकच होतं ते. त्यात वाईट वाटण्यासारखं एक अक्षर नव्हतं. फक्त ते 'होते' तेवढं कानात अडकलं.

"होते का?" ते मागून म्हणाले.

कुलूपवाला वळला, दचकला, मग तोंडभर हसला. "अहो, तुमचंच चाललं होतं. शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला."

४

त्या आठवड्यात काठी वाजली आणि थांबली.

दादा थांबणाऱ्यातला नव्हता. एकदा सुरुवात केली, की बटणवाल्यांचा पाय शेवटच्या पायरीवर पडेपर्यंत तो छत ठोकत राहायचा. आता काठी वाजली, कूस बदलण्याची, ओळखीची. बटणवाल्यांनी गिऱ्हाइकाला "आलोच" म्हणून हात पुसले, तोवर वर शांत झालेलं. मग खाटेचा एक आवाज आला. ती खाट दादाचं वजन इकडचं तिकडे झालं की कण्हायची. मग पावलं. सावकाश, बेतानं, आजाऱ्याच्या खोलीत चालतात तशी. खाटेपासून मागच्या खोलीपर्यंत, जिथे जादा माल ठेवलेला असायचा आणि दाराला पडदा होता.

बटणवाले दोन दोन पायऱ्या चढत वर गेले.

दादा भिंतीकडे तोंड करून निजला होता. पाठीशी उशी लावलेली होती, दुमडून, कमरेच्या खाली नेमकी. बटणवाले उशी नुसती टेकवायचे आणि ती सारखी घसरायची. ही घसरणार नव्हती. बघताक्षणी त्यांना ते कळलं, आणि पहिला विचार काय आला म्हणाल तर, हे आपल्याला इतकी वर्षं का सुचलं नाही.

"कुणी बदलली कूस?"

"कुणी म्हणजे?" दादा भिंतीशी बोलला. "तूच की."

"मी खाली होतो."

"मग मी बदलली."

"तुला येतं का बदलता?"

"मग कशाला डोकं खातोस? बदलली कुणीतरी. पाठ दुखायची थांबली, एवढं मला कळतं."

बटणवाल्यांनी पडदा बाजूला केला. मागच्या खोलीत खोकी होती, एकावर एक. एका खोक्यावर गाठोडं ठेवलं होतं. त्यांनी ते आणलं नव्हतं. सोडून बघायला हात पुढे केला आणि मागे घेतला. दुसऱ्याचं गाठोडं कसं सोडायचं, असं त्यांना वाटलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोक्यावरचं गाठोडं. असं का वाटलं हे ते पुढे बराच वेळ स्वतःला विचारत राहिले.

संध्याकाळी भरवताना दादा दोन घास जास्त जेवला. मग तोंड पुसून घेत म्हणाला, "पुरे आता. तुम्ही जेवलात का?"

बटणवाले हसले. "वा. आज एकदम तुम्ही?"

दादानं त्यांच्याकडे पाहिलं. कपाळाला आठी घातली, अंधारात हातानं काडेपेटी चाचपावी तसं काहीतरी आत चाचपलं. "अरे," तो म्हणाला. तो 'अरे' त्याला शोधावा लागला होता. "अरे, तेच ते. जेवलास का?"

५

दुसऱ्या दिवशी दुपारी बटणवाले सलूनमध्ये जाऊन बसले. दाढी सकाळीच केली होती, तरी फेस लावून घेतला.

"एक विचारू? चष्मेवाले गेले कसे?"

सलूनवाल्याचा ब्रश गालावर फिरत राहिला. "हे तुम्ही मला विचारता? रविवारचे तुम्हीच सांगता की सगळं. त्यांचा खोकला, ते अमुक, त्यांच्या बायकोचं पियानोचं वेड."

"ते सगळं सांगतो. गेले कसे ते नाही सांगत."

"नाही?"

"तुमचे पाववाले कसे गेले?"

सलूनवाला थांबला. आरशात दोघांची तोंडं होती, एक फेसाळलेलं. "गेले," तो म्हणाला. "म्हणजे, मी आलो तेव्हा नव्हते."

"तुम्ही आलात तेव्हा दारात कोण होतं?"

"आता इतक्या वर्षांचं कसं आठवणार, शेठ?" म्हणत त्यानं वस्तरा उचलला. पण पुढे तो बोलला नाही, आणि एरवी दाढी करताना बोलत नाही असा सलूनवाला अजून जन्माला यायचाय.

बटणवाल्यांना मात्र आठवत होतं. त्या खुर्चीत मान मागे टाकून बसल्यावर तर फारच स्वच्छ आठवलं. हातगाडीवर सामान, दादा तेव्हा धडधाकट, पुढून गाडी ओढतोय. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी सांगितलेलं नाव घोकत ते दोघं आले, आणि एका दारात उभ्या असलेल्या माणसाला बटणवाल्यांनीच विचारलं होतं, "चष्मेवाल्याचं घर कुठलं हो?" त्या माणसानं नाकावरचा चष्मा काढला. पुसला. खिशात ठेवला. मग बाजूला झाला आणि त्याच दाराकडे हात केला. बटणवाले आणि दादा आत गेले. तो माणूस आत आला नाही.

माणूस रिकाम्या घराची किल्ली द्यायला आला असेल. इतकी वर्षं त्यांनी हेच धरून ठेवलं होतं, आणि खरं तर अजूनही त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

६

पळून जाणं सोपं होतं. दुकानाला कुलूप घालायचं आणि चालू लागायचं. पण दादा वर होता, आणि दादाला तिथे ठेवून जायचं म्हणजे कुणाच्या हवाली करून जायचं, हाच तर प्रश्न होता.

बटणवाल्यांनी त्याला उचलून न्यायचं ठरवलं. कुलूपवाला आणि सलूनवाला मदतीला आले. खुर्चीत बसवायचं, दोघांनी खुर्ची धरायची, जिना अरुंद आहे पण जमेल. दादाच्या काखेत हात घातला तसा तो ताठ झाला.

"कुठे नेताय मला?"

"चार दिवस हवा बदलायला. चल, मान सांभाळ."

"आमच्यांना विचारलंत का?"

"कुणाला?"

दादानं पडद्याकडे पाहिलं. बटणवाल्यांनी त्या दोघांकडे पाहिलं. सलूनवाला मान खाली घालून खुर्चीचा पाय बघत होता.

"आजारी माणूस नाही म्हणतोय तर राहू द्या," कुलूपवाला हळूच म्हणाला. "त्यांच्या घरच्यांना येऊ द्या. मग बघू."

"घरचा मी आहे," बटणवाले म्हणाले.

"हो हो. आहात की," कुलूपवाला म्हणाला, हट्ट धरून बसलेल्या मुलाला म्हणतात तसं, आणि दोघं जिना उतरून गेले.

मग त्यांनी व्यापाऱ्याचं डोकं चालवलं. लोकांच्या तोंडात नाव बसवायचं तर ते डोळ्यांसमोर टांगावं. एक फळी घेतली, पांढरा रंग दिला आणि वर निळ्या अक्षरांत ठसठशीत लिहिलं, 'चष्मेवाल्याचं घर'. दाराच्या वर खिळे ठोकले. गल्लीतली माणसं येता जाता मान वर करून वाचत होती. दूधवालीनं तर बोटानं अक्षर अक्षर लावून वाचलं. "छान झालीय हो पाटी," ती म्हणाली. मग भाचीकडे वळली. "चल गं. बटणवाल्याच्या घरचं राहिलंय अजून."

७

रविवारी माणसं आली. ऊन कोवळं होतं, छत्रीवाली एक बाई होती, एक जोडपं होतं, आणखी थोडी होती. बटणवाल्यांनी जावं की नाही याचा रात्रभर विचार केला होता. पण वरच्या घरात नुसतं बसून ऐकत राहण्यापेक्षा बोलणं बरं. बोलायला लागल्यावर तर त्यांना बरंच वाटलं. गाण्याच्या बाईंच्या घरापाशी ते गायले. डॉक्टरांच्या घरापाशी गाल फुगवला, लोक हसले. पाववाल्याच्या घरापाशी सलूनवाल्यानं आतून हात केला.

मग ते वळले, पाटीखाली उभे राहिले, आणि हात वर करून नेहमीच्या सुरात म्हणाले, "आणि हे बटणवाल्याचं घर."

स्वतःच्या तोंडून आलेलं त्यांनी ऐकलं. थांबायला हवं होतं. पण गोष्ट सुरू झाली की तिचं आपलं एक चालणं असतं आणि जीभ तिच्यामागून जाते. "खाली दुकान होतं. बटणवाले फार बोलके होते. एका बटणासाठी आलेलं गिऱ्हाईक..." लोक हसत होते. पाटीकडे कुणीच बघत नव्हतं. "वर त्यांचा थोरला भाऊ. अंथरुणाला खिळलेला. काठी आपटून बोलवायचा. फार जीव होता एकमेकांवर."

"अरे रे," छत्रीवाली बाई म्हणाली. "मग बटणवाले गेले कसे?"

बटणवाल्यांनी तोंड उघडलं. वर खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला.

दोन हातांनी दादाला काखेत धरून उठवलं होतं. हात बाह्यांपर्यंतच दिसत होते, बाह्या नीट दुमडलेल्या. दादाची मान एका तळव्यावर अलगद टेकली होती. त्याची दाढी झालेली होती, केस ओले करून विंचरलेले. त्यानं खालच्या गर्दीकडे पाहिलं, एकेका तोंडावरून नजर फिरवली, बटणवाल्यांच्या तोंडावरूनही. तिथे ती थांबली नाही.

"उन्हात कशाला उभे?" तो मोकळेपणानं म्हणाला. "बघायचं असेल तर वर या कुणीतरी. आमच्याकडे नाही म्हणत नाहीत."

"तुम्हीच जा," जोडप्यातला नवरा बटणवाल्यांना म्हणाला. "तुम्हाला आवड आहे."

८

खोलीला साबणाचा वास होता. चादर चारी बाजूंनी घट्ट खोचलेली. खुर्ची खाटेजवळ ठेवलेली होती.

"बसा," दादा म्हणाला.

बटणवाले बसले. पडद्यामागे कपबशी वाजली.

"आमचे चहा टाकतायत. लांबून आलात?"

"दादा," बटणवाले म्हणाले.

"सगळे दादाच म्हणतात मला. लांबून आलात का?"

"नाही. इथलाच."

"हो का? पाहिल्यासारखं वाटत नाही." दादा चांगल्या हातानं चादर सारखी करत होता. त्याच्या हनुवटीखाली, जिथे बटणवाल्यांचा वस्तरा नेहमी थोडे खुंट सोडायचा, तिथे कातडी गुळगुळीत होती. "एकटाच असतो मी दिवसभर, पण त्रास नाही. आमचे फार करतात. पाठीला एक चट्टा नाही, बघा हवं तर."

"आधी कोण करायचं?"

दादानं आठवून पाहिलं. मनापासून आठवलं, हे बटणवाल्यांना त्याच्या भुवईवरून कळलं. ती भुवई त्यांच्या जन्मापासूनची ओळखीची होती.

"होता एक," तो म्हणाला. "चांगला होता. उशी काही त्याला जमायची नाही." मग पाहुण्याला बरं वाटावं म्हणून त्यानं विषय बदलला. "तुम्हाला आहे का कुणी? भाऊबिऊ?"

"आहे. थोरला."

"हिंडताफिरता?"

"नाही. अंथरुणावर."

"म्हणजे सगळं तुमच्यावरच." दादानं त्यांच्याकडे कळवळून पाहिलं, दुसऱ्याच्या घरचं दुखणं ऐकल्यावर बघतात तसं. "कठीण असतं हो. मला माहीत आहे ना. सांभाळता ना त्याला नीट?"

त्यात अवघड काही नव्हतं. सांभाळतो. रोज शंभरदा न बोलता म्हटलेला शब्द. पडद्यामागचा कपांचा आवाज थांबला होता, तिकडेही कुणी तरी ऐकत असावं. बटणवाल्यांनी जीभ टाळूला लावली, खुर्चीचा हात घट्ट धरला, आणि दादाच्या डोळ्यांत बघत उत्तर दिलं.

"सांभाळत होतो."

दादा हळहळला. हात लांब करून त्यानं त्यांचा गुडघा थोपटला, आणि मान पडद्याकडे वळवली.

"अहो," तो म्हणाला, "यांना जिन्यापर्यंत सोडून या. दमलेत ते."

पडद्याची कड आतून कुणीतरी मुठीत धरली.